चौदा गरजांत बायको कितवी?

ती. अक्काला धाकटीचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, तुझा दमा आणि तुझी सून या तिघांचं बरं चाललं असेल असं धरून चालते. आमचं कसं आहे ते विचारू नकोस. ते सांगायचा अधिकार आता मला राहिलेला नाही. आमच्या घरात कोण कसं आहे हे हल्ली एका निळ्या फायलीत लिहिलेलं असतं आणि ती फाईल एका नर्सबाईच्या काखेत असते.

ह्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं हे तुला फोनवर कळलंच. तीन आठवड्यांनी हॉस्पिटलने घरी सोडलं आणि आठवड्यातून चार दिवस घरी येणारी ही नर्स पाठीला लावून दिली. मला वाटलं, चला, ती अंग पुसेल, कपडे बदलेल, मला घटकाभर पाठ टेकता येईल. (ज्या माणसाने एकेचाळीस वर्षांत पाण्याचा पेला स्वतः भरला नाही, त्याचं आजारपण काढणं काय असतं ते तुला माहीतच आहे. शाळेत ड्रिलमास्तर म्हणून दुसऱ्यांच्या पोरांवर ‘आपलं काम आपण’ असं ओरडायचं आणि घरी येऊन मोजे काढायला पाय पुढे करायचे!) तर ही बाई आली, हात धुतले, खुर्ची ओढून बसली आणि फाईल उघडली. म्हणे, माणसाच्या मूलभूत गरजा चौदा. पहिली, श्वास घेणे. अक्का, माणसाला श्वास घ्यावा लागतो हे कळायला कॉलेजात जावं लागतं बघ! दुसरी खाणंपिणं, तिसरी तू ओळखलीसच. मग हालचाल, झोप, कपडे, अंगातली ऊब, स्वच्छता आणि असं करत करत देवधर्म, कामधंदा, करमणूक आणि शेवटी नवं शिकणं. मी म्हटलं, हे शेवटचं नवं काही शिकले ते शिट्टी वाजवणं. तिने तेही लिहून घेतलं!

आता पुढची अक्कल ऐक. प्रत्येक गरजेपुढे ती खूण करणार: हे सरांना आपलं आपण जमतं, हे अर्धं जमतं, हे जमत नाही. जेवढं जमत नाही तेवढ्यालाच हात लावायचा आणि तोही रोज थोडा थोडा काढून घ्यायचा. याला शास्त्र म्हणतात. आपण याला आळस म्हणायचो. पहिल्याच दिवशी तिने ह्यांच्या मांडीवर सदरा ठेवला आणि आधी लुळा हात बाहीत घाला असं सांगून स्वतः मांडीवर हात ठेवून बसली. सत्तावीस मिनिटं! मी घड्याळ लावलं होतं. ह्यांचं डोकं बाहीतून बाहेर आलं, परत आत गेलं, कपाळावर घाम, तोंडाने नुसतं ‘ऊं, ऊं’. मी दोनदा पुढे झाले. दुसऱ्या वेळी तिने मला, “काकू, बाल्कनीतली झाडं सुकलीत वाटतं,” म्हणून बाहेर घालवलं. माझ्या घरात मलाच! झाडं खरंच सुकली होती, ती गोष्ट वेगळी.

मग मीही ठरवलं, ती नसेल त्या दिवशी माझं राज्य. सदरा मी घालायचे, घास मी भरवायचे, तोंड मी पुसायचे. हेही खुशीत, राजासारखे तक्क्याला टेकून. आठवडाभर बरं चाललं. एका सोमवारी ती आली, ह्यांच्या छातीकडे पाहिलं आणि म्हणाली, “आज गुंड्या फारच सुबक लागल्यात.” चोर पकडल्यासारखी बोलली गं! मग फाईल काढून दाखवली. दोन आठवड्यांपूर्वी डाव्या हाताच्या तीन बोटांनी ह्यांनी गुंडी धरली होती. आता एकच बोट हलत होतं.

माझा संयम सुटला. (चूक माझीच होती, पण ती तिच्यापुढे कशाला कबूल करायची?) मी म्हटलं, बाई, तुमच्या त्या चौदांत बायको कितवी ते एकदा सांगून टाका. ती रागावेल असं वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, “काकू, यादीत तुम्हीही नाही आणि मीही नाही. त्यांच्यात बळ असतं तर त्यांनी जे स्वतः केलं असतं, तेवढंच आपण करायचं, आणि तेही बळ येईपर्यंत.” मी तरातरा ह्यांच्याकडे गेले आणि उशी नीट करायला लागले, तर ह्यांनी माझ्याकडे बघितलं, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि म्हणाले, “हात... मागे!”

आजारपणातला पहिला स्पष्ट शब्द. शाळेच्या मैदानावरचा. माझ्यावर!

दोन दिवस मी बोलले नाही. (ह्यांना ते कळलं की नाही कोण जाणे, ह्यांचं बोलणं तसंही बंदच होतं.) पण हात मात्र खरोखर मागे बांधून दारात उभी राहायचे आणि तमाशा बघायचे. सदरा वीस मिनिटांवर आला, मग बारावर. गुंड्या एक घर चुकून लागायच्या, मी तोंड घट्ट मिटून बघायचे. ओठाला खाच पडली. मागच्या बुधवारी ह्यांनी उकडलेलं अंडं सोललं. डाव्या हाताने नुसतं दाबून धरायचं आणि उजव्याने टरफल काढायचं. अंडं दोनदा जमिनीवर गेलं, निम्मं पांढरं टरफलालाच राहिलं. उरलं त्याचे दोन तुकडे केले आणि एक माझ्यापुढे धरला. एकेचाळीस वर्षांत ह्यांच्या हातचं पहिलं खाणं! मीठ नव्हतं, वर टरफलाचा तुकडा दाताखाली आला. तो मी काढून टाकला नाही. नर्सबाईने लगेच फायलीत खूण केली. हिला खुणांपलीकडे काही दिसतच नाही, मेलीला.

असो. लेकरांना आशीर्वाद, तुझ्या सुनेला जेवढा झेपेल तेवढा.

तुझी,
धाकटी

ता. क. काल ह्यांनी चहा केला. पाणचट. मी प्यायले.

ता. क. दुसरा. खरं लिहायचं ते राहूनच गेलं. शनिवारी सकाळच्या गाडीने मी तुझ्याकडे येते आहे, महिनाभर. नर्सबाई रोज डोकावेल, शेजारीण आहेच. ह्यांना विचारलं, जमेल का? तर म्हणाले, “जा.” इतकं स्वच्छ म्हणाले की मलाच राग आला.

ता. क. तिसरा. आल्यावर मला काम सांगू नकोस. मी उशिरा उठेन, चहा अंथरुणात लागेल, आणि केस तू विंचरून द्यायचे, लहानपणी द्यायचीस तसे. मला सगळं माझं मला येतं. ते कुणी लिहून घ्यायची गरज नाही.