माझ्या वाट्याला आलेला कठोर गृहस्थ

रविवार, ता. २. सकाळी ११.

परदेशी सेवादौऱ्यासाठी आमच्या चर्चच्या मंडळीतून सहा जणांची निवड झाली. माझे आणि हिचे नाव सर्वांत शेवटी वाचले गेले; महत्त्वाची नावे शेवटीच वाचण्याची पद्धत आहे. हिचे म्हणणे असे की, आधी जायचं ठरलेल्या त्या कॅशियरच्या गुडघ्यानं ऐनवेळी दगा दिला नसता तर आपण दोघं घरीच भाजी निवडत बसलो असतो. हिला सभाशास्त्र कळत नाही.

तेथील एक लहान मंडळी दवाखाना चालवते. त्याला रंग द्यायचा आणि तेथील लोकांना वचनाने व वर्तनाने उभारी द्यायची, असा कार्यक्रम आहे. आमचे पाळक म्हणाले की, आपण शिकवायला नाही, शिकायला चाललोय. विनय हा त्यांचा अलंकार आहे. कोणीतरी शिकवावे लागेलच.

परतल्यावर प्रत्येकाने मंडळीसमोर पाच मिनिटे अनुभवाची साक्ष द्यायची आहे. माझी आजच लिहून झाली. ज्या व्यक्तीचे हृदयपरिवर्तन होईल तिच्या नावापुरती जागा मोकळी ठेवली आहे.

त्याच दिवशी, दुपारी ४.

धाकट्या भावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. लग्न शनिवारी, ता. १५ ला, आम्ही परतणार ता. १३ ला. पत्रिकेखाली त्याने हाताने लिहिले आहे: दादा ये. स्वल्पविराम नाही. प्रवासाचा शीण हे कारण देऊन नकार कळवायचे ठरवले. मसुदा केला. हिने तो वाचला आणि माझ्या पेनाला टोपण लावले.

नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो. अकरा वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीत ज्येष्ठ या नात्याने शास्त्रपाठ मी वाचत होतो. तिसऱ्या ओळीवर मला ठसका लागला. धाकट्याने भर मंडळीसमोर माझ्या हातातून पुस्तक ओढून घेतले आणि उरलेला पाठ स्वतः वाचला. त्याच्या उच्चारांविषयी न बोललेले बरे. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. क्षमा मी त्याला केव्हाच केली आहे. ती त्याला कळवलेली नाही, इतकेच.

मंगळवार, ता. ४. सायंकाळी ५.

सुखरूप पोहोचलो. निश्चय: या दहा दिवसांत कोणाचीही भाषा सुधारायची नाही. छत्तीस वर्षे मुद्रितशोधक म्हणून काढलेल्या माणसाला हे उपासाइतकेच कठीण. विमानतळावर पाळकांच्या प्रार्थनेत कर्ता एकवचनी होता आणि क्रियापद अनेकवचनी. आमेन होईपर्यंत मी धीर धरला, हे नमूद करण्यासारखे आहे.

खोलीत दोन लोखंडी खाटा, एक खुर्ची, गल्लीकडे उघडणारी खिडकी. दवाखान्याची परिचारिका हीच येथील दुभाषी. तिला इंग्रजी येते. पंधरा मिनिटांत ही तिच्याबरोबर स्वयंपाकघरात कप विसळत उभी! हिचे इंग्रजी चाळीस शब्दांचे आहे आणि त्यांत एकही क्रियापद नाही. तरी दोघी हसत होत्या. दौऱ्याचे व्यापक उद्दिष्ट हिच्या लक्षात आलेले दिसत नाही.

बुधवार, ता. ५. दुपारी १.

रंगकामास आरंभ. आमच्यातला इलेक्ट्रिशियन मला म्हणाला की, काका, तुम्ही खिडकी घ्या, खिडकीवर काही बिघडत नाही. अत्यंत नाजूक काम माझ्याकडे सोपवले गेले.

सायंकाळी ६. खिडकी उघडत नाही. रंग चौकटीत शिरून वाळला आहे. मूळ चौकटच सदोष होती. परिचारिकाबाई म्हणाल्या की, काही हरकत नाही, ती खिडकी तशीही उघडायची नव्हतीच. सकाळी तिच्यातून पेशंटांचा पडदा वाऱ्याने बाहेर उडत होता, हे मी स्वतः पाहिले होते. सौजन्य म्हणजे असत्य नव्हे, हे यांना शिकवावे लागेल.

गुरुवार, ता. ६. सायंकाळी ७.

आज येथील प्रार्थनासभेला गेलो. पद्धत विलक्षण आहे. ज्याला ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याने चिठ्ठी लिहून पत्र्याच्या पेटीत टाकायची. नाव लिहायचे नाही. सभेत प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, त्या माणसासाठी पुढच्या सभेपर्यंत रोज प्रार्थना करायची आणि तो कोण हे विचारायचे नाही. नाव कळलं की प्रार्थनेच्या गप्पा होतात, असे परिचारिकाबाई म्हणाल्या. आमच्या मंडळीत ही पद्धत सुरू केली तर महिला संघ आठ दिवसांत बंद पडेल.

पाहुण्यांनीही चिठ्ठ्या टाकल्या. ही बराच वेळ परिचारिकाबाईंच्या कानाशी लागून एक लिहवून घेत होती. सांधेदुखी असावी.

मी उचललेली चिठ्ठी बाईंनी इंग्रजीत वाचून दाखवली. वाचण्यापूर्वी एकदा हिच्याकडे पाहिले; कारण कळले नाही. मजकूर असा: एक वयस्क गृहस्थ. मनाने चांगले, पण फार ताठ. आईला पुरताना पुस्तक वाचता वाचता रडू कोसळले, म्हणून धाकट्या भावाने हळूच पुस्तक हातातून घेऊन वाचन पुरे केले. आपल्याला रडताना सर्वांनी पाहिले, हे त्यांना सहन झाले नाही. त्याचा राग भावावर. फारा वर्षांचा अबोला. घरात मंगलकार्य आहे. त्यानिमित्ताने तरी बोलले तर बरे.

माझ्या प्रकरणाशी वरवरचे साम्य आहे. तथापि मूलभूत भेद असा की, तो गृहस्थ रडला होता; मला ठसका लागला होता. शिवाय त्याच्या भावाने पुस्तक हळूच घेतले. असा भाऊ मला असता तर मी एक दिवसही अबोला धरला नसता.

शुक्रवार, ता. ७. सकाळी ९.

विचारायला मनाई आहे, ओळखायला नाही. तो गृहस्थ मी ओळखला. दवाखान्याच्या ओसरीत एक वृद्ध सुतार रुग्णांसाठी बाक तयार करतो. परवा मी अभिवादन केले तर त्याने नुसती मान हलवली. ताठ. तोंडात खिळे धरून बसतो, म्हणजे कोणाशी बोलावे लागू नये. चेहऱ्यावर जुना राग स्पष्ट दिसतो.

साक्षीतील मोकळ्या जागेत पेन्सिलीने ‘सुतार’ असे लिहिले.

शनिवार, ता. ८. दुपारी १२.

सुताराजवळ एक तास बसलो. त्याला इंग्रजी येत नाही आणि परिचारिकाबाई कामात होत्या, म्हणून मराठीतच बोललो. भाषा कळली नाही तरी शुद्ध भाषेचा परिणाम होतोच. बंधुभाव या विषयावर सावकाश, पूर्ण वाक्यांत बोललो. उदाहरणादाखल माझ्या धाकट्याचे बालपण सांगितले: त्याला मी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेत असे आणि उतारावर तो डोळे मिटून माझ्या मनगटाला धरत असे. हे उदाहरण कोठून आठवले कोण जाणे. विषयाशी फारसे संबद्ध नव्हते.

सुताराने रंधा थांबवला आणि मला स्टूल पुढे केले. बर्फ वितळू लागला आहे.

सोमवार, ता. १०. दुपारी १२.

काल आणि आज मिळून दोन तास. सुताराच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पश्चात्तापाचे हे पहिले लक्षण.

हिला सांगितले. हिने विचारले की, तुम्ही त्याला नेमकं काय सांगितलंत? मी म्हणालो, सर्वसाधारण तत्त्वे. तर म्हणते, मग तुमचे डोळे का लाल झालेत? भुसा उडतो, असे मी सांगितले. त्यावर ही म्हणाली की, अहो, पंधरा तारखेचं काय ठरवलंत, तिकडून उत्तराची वाट बघत असतील. दुसऱ्याच्या उद्धाराच्या ऐन क्षणी हिला घरगुती गोष्टी सुचतात. विषय बदलला. हिने बदलू दिला नाही. म्हणून मी फिरायला गेलो.

मंगळवार, ता. ११. सकाळी ८.

प्रवासाचा शीण आत्तापासूनच जाणवतो आहे, असे हिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. पाळकांनी लगेच विचारले की, दादासाहेब, उद्या सभेत तुमच्या चिठ्ठीबद्दल चार शब्द बोलाल ना? शीण गेला.

बुधवार, ता. १२. दुपारी २.

आज सायंकाळी निरोपाची सभा. ज्याने त्याने आपली चिठ्ठी वाचून काय अनुभव आला ते सांगायचे आहे. भाषण सहा मुद्द्यांत बसवले आहे. शेवटचा मुद्दा सर्वांत प्रभावी: अशा गृहस्थाने आजच, येथेच, सर्वांसमक्ष भावाला दूरध्वनी करावा, जो उद्यावर टाकतो तो क्षमा करत नाही, केवळ आपला मान सांभाळतो. हे वाक्य मलाच फार आवडले. दोनदा मोठ्याने म्हटले. ही शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती; म्हणाली की, हे वाक्य गाळू नका हं.

अकरा वर्षांत हिने माझ्या मजकुराची केलेली ही पहिली स्तुती.

त्याच दिवशी, सायंकाळी ७.४०.

घडले ते क्रमाने लिहितो.

सभेला चाळीस माणसे होती. मी इंग्रजीत बोललो. परिचारिकाबाईंनी वाक्यावाक्याने भाषांतर केले. सहाव्या मुद्द्यावर पाळक खाली पाहू लागले, आणि माझे भाषण अपेक्षेपेक्षा चांगले झाले असे मला वाटले. त्या भरात, नियम मोडतो याची क्षमा मागून, मी सुताराकडे हात केला आणि म्हणालो, बंधो, ऊठ.

तो उठला नाही. बाईंनी भाषांतरही केले नाही. मला हळूच सांगितले की, यांना भाऊ नाहीत. बहिणीही नाहीत. आईबापांचे एकुलते एक आहेत.

मी म्हणालो की, मग ते ओसरीत रडले कशाला? बाईंनी त्यांना विचारले. सुतार बराच वेळ बोलला. त्याचे म्हणणे असे की, पाहुणे रोज येऊन आपलं दुःख सांगायचे. शब्द कळायचा नाही, पण कुणीतरी लहान आहे आणि पाहुणे त्याला जपून कुठंतरी नेतायत, एवढं कळायचं. मला वाटलं, तो वारला असेल. म्हणून रडू आलं.

इलेक्ट्रिशियनला खोकला आला. तो बाहेर गेला.

मग ही उठली. चाळीस शब्दांच्या इंग्रजीत नव्हे, मराठीतच म्हणाली की, चिठ्ठी माझी आहे. ठसका नव्हता हो तो. मी शेजारी उभी होते. तुमच्या हातातून पुस्तक पडत होतं, भाऊजींनी ते झेललं.

पाळकांनी ते बाईंना इंग्रजीत सांगितले, बाईंनी सभेला. यावर देण्यासारखी उत्तरे माझ्याजवळ तीन होती. एकही दिले नाही. पाळक म्हणाले की, दादासाहेब, घाई नाही, पुन्हा केव्हातरी. मागच्या बाकावरून एका आजीबाईंनी काहीतरी विचारले आणि सगळे हसले. बाईंनी भाषांतर केले: त्या विचारताहेत, आजच, येथेच, सर्वांसमक्ष असं आत्ता कोण म्हणालं?

तोवर हिने नंबर लावला होता. फोन माझ्या कानाशी आणून धरला. पलीकडे घंटा वाजत होती. चाळीस माणसांनी माझ्यासाठी डोळे मिटले. सुताराने मिटले नाहीत. तो माझ्याकडे पाहत होता.

फोन धाकट्याच्या बायकोने घेतला. हॅलो म्हणाली. मी अत्यंत स्पष्ट उच्चारात म्हणालो, राँग नंबर.

फोन करणाऱ्याने असे म्हणण्याची पद्धत नाही, हे नंतर सुचले.

 ती म्हणाली की, बरं, मोठे भावोजी. हे शिंप्याकडे कोट आणायला गेलेत, तासाभरात येतील. तेव्हा पुन्हा राँग नंबर लावाल का? मी नाही सांगणार त्यांना कुणाचा आहे. दाराजवळ फोन घेऊन बसतील नुसते.

मी होय म्हणालो. भाषांतराची गरज पडली नाही. चाळीसही जणांना कळले.

त्यानंतर बोलण्याचा मसुदा करायला बसलो. संबोधन लिहून झाले. पुढे काही सुचत नाही. ही म्हणते, तेवढं पुरे आहे.

चौदा मिनिटे उरली आहेत, आणि या लोकांपैकी एकही जण घरी जायला तयार नाही.