हिवराखालची पाटी कोणी विकू नये

आणि मदनसिंग, तू अजून तांड्यात सांगतच असशील, का फुलच्यानं देवीले मोटारीचा पत्रा म्हटलं म्हणून त्याचं पोट फाटलं. म्हटलं होतं, नाकारत नाही. पण पोट फाटलं ते इंजिन उचलून. डॉक्टरनं अंतर्गळ सांगितला आहे, मंगळवारी कापणार. मेलो तर कोणाची तक्रार नाही, अशा कागदावर माझी सही घेतली. त्यांचा कागद झाला, तर माझाही एक असावा.

मी फुलचंद वल्द सोमला राठोड, वय अदमासे बावीस, शिक्षण दुसरी, राहणार तांडा, किन्हीराजा शिवार, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, हल्ली मोटार कारखाना, इंदूर, तुझा सख्खा भाऊ, डोकं जागेवर ठेवून, न पिता, कोणी न शिकवता हे मृत्युपत्र लिहितो.

एक. बापू वारल्यावर झोपडीत अन् बैलजोडीत जो अर्धा हिस्सा माझा, तो याडीचा, म्हणजे आमची आई रामीबाई हिचा, ती आहे तोवर. मग मदनसिंगचा. याडीले वेगळी चूल मांडायला लावू नये.

दोन. बहीण गोमतीबाई हिले डब्यातले एकवीस गोल आरसे. मोटारींचे फुटके आरसे घासून मी ते केले. घागऱ्याले टाचावे. एक वाकडा झाला आहे, तो मागच्या अंगाले लाव, गोमती.

तीन. नट खोलायचे पाने, ब्रश अन् रंगाचे डबे मिस्त्री उदयसिंग यांचे. नंबराच्या पाट्या रंगवायला त्यांनीच शिकवलं. शिव्याही लय दिल्या, त्या मात्र परत करत नाही.

चार. आता पाटीचं. हे कलम लांबेल.

माझ्या जन्माच्या आधी रिठदच्या दौलतरावांची मोटार आपल्या नाल्यात रुतली. बापूनं चार बैल जुंपून ती काढली. पाणी उतरल्यावर याडीले गाळात पत्रा सापडला, काळा, त्यावर पांढरी उठलेली चिन्हं. वाचता कोणालेच येत नव्हतं. तांड्याचे नाईक म्हणाले, ही चंद्रकोर, हे काठीले बांधलेलं गाठोडं, ह्या एकावर एक दोन बांगड्या, हा कोयता. चांदण्यात गाठोडं घेऊन चालणाऱ्या आपल्या लमाणांची ही खूण, मरीआईनंच धाडली. त्या साली पटकीची साथ गावोगाव फिरली, तांड्यात शिरली नाही. पत्रा हिवराच्या झाडाखाली मरीआईपाशी उभा राहिला. त्याच्यापुढं डोकं टेकतच मी मोठा झालो.

मग वाशीमच्या स्टेशनावर मोटारी पाहिल्या अन् येऊन ओरडलो, "अरे, हे तर नंबराची पाटी होय! तुमी कायले पूजा करून राह्यले?" बापूनं खेटरानं हाणलं. तू म्हणाला, "निंग इथून, लय शायना झाला." निघालो तो इंदूरले थांबलो.

यंदा चैत्रात एका शेठनं भंगारातून जुनी मोटार आणली. पितळी दिवे, रबरी भोंगा, लाकडी आऱ्यांची चाकं. तिले सजवून मिरवणुकीत काढायची होती. रस्त्यावर चालवायले सरकारी नवा नंबर होताच, पण मिरवणुकीपुरती तिच्या मूळ नंबराची, जुन्या घाटाची पाटी पाहिजे म्हणाला. मिस्त्रीनं मोटारीचा जुना कागद माझ्यापुढं धरला. चंद्रकोर. गाठोडं. बांगड्या. कोयता. इंग्रजीत सी पी ८७. हातातला ब्रश खाली पडला.

"क्यूं बे, भूत देखा क्या?"

"नाही उस्ताद. देवी."

नमुना न पाहता पाटी केली. गाठोड्याची काठी जराशी डावीकडं झुकते, तशीच झुकवली. मग नवी पाटी बसवायले मोटारीची मागची पट्टी खोलली, तर गंजक्या स्क्रूखाली नखाएवढा पत्रा अडकलेला. काळा, तिकोनी. आपल्या पाटीचा खालचा डावा कोपरा तुटका आहे, याडी शेंदूर तिथंच जास्त लावते. मदनसिंग, मोटारीखाली पडल्यापडल्याच मी तो तुकडा मुठीत घेतला. चोवीस वर्षं झाली, अडीचशे मैल झाले, अन् मी पळून आलो त्याच दारात नाल्यातली तीच मोटार येऊन उभी राहिली. पत्रा आहे हे मी खरंच बोललो होतो. तुमी बोलत होते तेही खोटं नव्हतं. बापूले सांगायचं राहून गेलं.

मिस्त्रीच्या तोंडून शेठले कळलं आहे. मूळ पाटीचे तो दोनशे रुपये म्हणतो, त्याचा माणूस किन्हीराज्याले येईल. पाटी विकायची नाही. मदनसिंगनं नाही, नाईकानं नाही, अन् मी दवाखान्यातून वाचून आलो, मले हाव सुटली, तर मीही नाही. कोपऱ्याचा तुकडा या कागदात गुंडाळला आहे. याडीनं आपल्या हातानं तो शेंदरात बसवावा. मी जगलो तरी हे कलम रद्द होत नाही.

साक्षीदार: उदयसिंग, मिस्त्री, सही. रतनसिंग, कारखान्याचा चौकीदार, अंगठा.

सही: फुलचंद सोमला राठोड
इंदूर, रविवार, १२ मे १९५७

नव्या पाटीची मजुरी शेठनं वेगळी दिली, तिले हात लावला नाही. हिवराखाली पाटी उन्हापावसात उभी आहे, तिच्यावर छप्पर घालावं. त्यासाठी मनीऑर्डरनं पाठवतो रुपये पंधरा.