गवताला पीक म्हणावे, अशी विनंती

प्रति,
मा. अनुदान अधिकारी,
नवीन अल्पभूधारक शाखा,
शेती कार्यालय, दुसरा मजला, जिन्याच्या उजवीकडील खोली.

विषय : दोन एकर क्षेत्रातील गवत हे पीक धरणे व जमिनीच्या नोंदीतील 'पडीक' हा शेरा काढून टाकणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज (पैकी तीन परत आले, एक सापडत नाही). २) आपल्या कार्यालयाचे चालू महिन्याच्या पाच तारखेचे पत्र.

महोदय,

आपल्या टेबलावर कागद पुष्कळ असतात हे अर्जदाराने पाहिले आहे, तरी हा कागद शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती आधीच करून ठेवलेली बरी. मागचा अर्ज खिडकीवरील लेखनिकांनी "यात मी-मी फार झालंय, बाई" असे सांगून परत केला होता. सबब या अर्जात अर्जदार स्वतःला अर्जदारच म्हणत आहे.

अर्जदार रुग्णालयाच्या धुलाईघरात अठ्ठावीस वर्षे चादरींना इस्त्री करून निवृत्त झाली. तिचे पती गवंडी. त्यांना सगळे गवंडी म्हणूनच हाक मारतात, घरातही, म्हणून येथेही तसेच लिहिले आहे. दोघांपैकी कोणीही शेती केलेली नव्हती. तीन वर्षांपूर्वी अर्जदाराच्या मावशी वारल्या. त्यांना मूलबाळ नव्हते, आणि शेवटच्या दुखण्यात उशाशी बसायला एवढी एक भाची होती. म्हणून असेल, त्यांनी आपली दोन एकर जमीन अर्जदाराच्या नावे केली. जमीन उताराची. हातभर खणले की खडक लागतो. पहिल्या वर्षी धान्य पेरले ते वितीवर येऊन पिवळे पडले. तेव्हा रस्त्यापलीकडचे गवळी, ज्यांच्या गोठ्यात अकरा गाई आहेत, बांधावर येऊन म्हणाले, "वहिनी, धान्याचा नाद सोडा. या जमिनीत गवत करा. वाळवून द्या, मी सगळं उचलतो. उन्हाळ्यात माझ्या गाईंच्या तोंडाला काही लागत नाही." त्यांचे म्हणणे पटले आणि अर्जदार गवत पिकवू लागली.

गवत आपोआप उगवते, असे आपल्या कार्यालयात बऱ्याच जणांचे मत दिसते. म्हणून थोडे सांगणे भाग आहे. दोघांनी मिळून चार महिने दगड वेचले. त्या दगडांचा गवंडींनी उताराच्या कडेने बांध घातला. त्यांची नजर अजून अशी आहे की ओळंबा न लावता बांध सरळ आला. मग बियाणे आणून पेरले. निवडुंग आणि काटेरी झुडपे हाताने उपटली. गवत अर्धे फुलोऱ्यात आले की कापावे लागते. आठवडा उशीर झाला की काडी होते आणि गाय तोंड लावत नाही. कापल्यावर तीन दिवस वाळवायचे, दिवसातून दोनदा उलटायचे, मग पेंढ्या बांधून गंजी रचायची. ओल राहिली तर गंजी आतून तापते आणि सगळे काळे पडते. पहिल्या कापणीची एक मूठ गवळ्यांनी नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. त्या दिवशी गवंडी दोन घास जास्त जेवले.

परंतु गवंडींच्या छातीत चाळीस वर्षांचे सिमेंट आहे. खाली वाकून विळा चालवला की त्यांना धाप लागते, आणि वाळल्या गवताची धूळ उडाली की खोकल्याची उबळ थांबत नाही. आपल्या कार्यालयाच्या जिन्यात 'नव्या शेतकऱ्यांनो, पुढे या' असा फलक आहे. त्यात कापणीचे यंत्र व छपरासाठी अनुदान लिहिले आहे. तो फलक वाचून अर्जदार पुढे आली. ही चूक झाली असल्यास तसे कळवावे.

फॉर्ममध्ये 'पीक' या रकान्यात यादीतील एक क्रमांक घालायचा असतो. यादीत गवत नाही. लेखनिकांनी सांगितले, "'इतर' लिहा." तसे लिहिले. दीड महिन्याने अर्ज परत आला, शेरा होता, 'इतर म्हणजे काय ते स्पष्ट करावे.' अर्जदाराने स्पष्ट केले : गवत. पुन्हा परत आला, शेरा होता, 'सदर पीक यादीत नाही, इतरमध्ये लिहावे.' हे दोन्ही शेरे एकाच हातचे आहेत. तिसरा अर्ज आत घेतला गेला (आता सापडत नाही तो हाच), त्याचे कारण अर्जदाराला आजतागायत समजलेले नाही.

त्यानंतर पाहणीसाठी माणूस येईल असे कळवले गेले. तारीख होती, त्या तारखेनंतर एकोणीस दिवसांनी साहेब आले. तोवर गवत कापून, वाळवून गंजी लागली होती. साहेबांनी बांधावर उभे राहून विचारले, "पीक कुठे आहे?" गवंडींनी गंजी दाखवली. साहेब म्हणाले, "ते गवत झालं. पीक दाखवा." गवंडींनी मग कापलेल्या बुडख्यांकडे हात केला. साहेबांनी तिकडे पाहिले, गवंडींकडे पाहिले आणि कागदावर लिहिले, 'पाहणीच्या वेळी पीक आढळले नाही.' साहेबांबद्दल तक्रार नाही. त्यांना त्या दिवशी आणखी नऊ ठिकाणी जायचे होते आणि त्यांच्या गाडीत पाणीसुद्धा नव्हते. अर्जदाराने तांब्याभर दिले.

पुढच्या हंगामात खिडकीवरून तोंडी सूचना मिळाली, की पाहणी झाल्याखेरीज गवताला हात लावू नये. अर्जदाराने हात लावला नाही. फुलोरा आला, गेला. बी गळाले. काड्या झाल्या. मग वादळी पाऊस आला आणि सगळे आडवे झाले. गवळी रोज येऊन बांधावर उभे राहत. एके दिवशी ते म्हणाले, "वहिनी, तुमच्याबद्दल राग नाही. पण माझ्या गाईंना साहेबांचं पत्र घालू का खायला?" आणि त्यांनी चारा दुसरीकडून आणला. एक्केचाळिसाव्या दिवशी दुसरे साहेब आले. त्यांनी आडवे झालेले गवत बघून मान हलवली आणि गाडीतूनच विचारले, "इथे कोणी कसत नाही का?" अर्जदार आणि गवंडी दोघेही तेव्हा त्यांच्या समोरच उभे होते.

या दोन पाहण्यांच्या मधल्या काळात आपल्या शाखेतील एका थोरल्या कारकुनांनी आपुलकीने एक सल्ला दिला होता. "कडेला चार ओळी मका लावा, यादीत आहे. पाहणी झाली की उपटून टाका, कोण बघतंय?" ते भले गृहस्थ आहेत, त्यांचे नाव विचारू नये. अर्जदाराच्या मनात तसे करायचे आले होते, हे लपवत नाही. गवंडी तयार झाले नाहीत. ते म्हणाले, "लोकांच्या भिंती बांधल्या आयुष्यभर, एक पोकळ बांधली नाही. आता स्वतःच्या रानात बांधू?" विषय तेथेच संपला.

आता आपले पाच तारखेचे पत्र. त्यात अनुदान नामंजूर केले आहे, आणि खाली वेगळ्या ओळीत, सदर जमिनीची नोंद 'पडीक' अशी घेण्यात आली आहे, असे लिहिले आहे. पत्र गवंडींनी उंबऱ्यात उभे राहून वाचले, घडी घातली आणि अर्जदाराच्या हातात दिले. त्यानंतर आठवडाभर ते रानात गेलेले नाहीत. विचारले तर गुडघा दुखतो म्हणतात. चाळीस वर्षांत त्यांनी गुडघ्याचे नाव काढले नव्हते. दिवसभर ओट्यावर रस्त्याकडे पाठ करून बसतात. धाप लागत असतानाही हा माणूस गवत उलटायला माझ्या आधी उठत असे. ('माझ्या' शब्दाबद्दल क्षमा असावी, येथे 'अर्जदाराच्या' असे वाचावे.)

तरी विनंती अशी. नियमाप्रमाणे नवा शेतकरी तीनच वर्षे नवा असतो, आणि या महिनाअखेर अर्जदार नवी राहणार नाही. त्यामुळे अनुदानाचा प्रश्न आता आपल्या हातातही फारसा उरला नसेल. यंत्र नको. छप्पर नको. ते फलकावर लिहिले होते म्हणून मागितले होते. परंतु त्या जमिनीत दोन माणसांनी तीन वर्षे घातली आहेत, आणि तिला पडीक म्हणणे खरे नाही. तेवढा एक शब्द खोडावा. त्या जागी 'गवत' लिहावे. यादीत नसेल तर 'इतर' लिहावे, त्यालाही हरकत नाही. आणि तसे लेखी कळवावे, पत्रावर गवंडींचे नाव घालावे, म्हणजे पोस्टमन त्यांच्याच हातात देईल.

सध्या गवत पुन्हा अर्ध्या फुलोऱ्यात आहे. या खेपेस अर्जदार कोणासाठी थांबणार नाही. सोमवारी सकाळी एकटीनेच कापणीला उतरणार आहे. पाहणी करावयाची असल्यास रविवार संध्याकाळपर्यंत यावे. तोवर ते उभे दिसेल.

थकलेली, पण आपल्या कार्यालयाचा जिना अजून चढू शकणारी,
(सही)
अर्जदार
दिनांक : १४, गुरुवार

सोबत :
१) मावशींच्या इच्छापत्राची नक्कल.
२) परत आलेले तीन अर्ज, शेऱ्यांसह.
३) गवळ्यांचे पत्र. अक्षर वाईट आहे, मजकूर खरा आहे.
४) पहिल्या कापणीच्या गवताची एक मूठ, पुडीत. पंच करून फायलीला लावू नये, चुरा होईल.

ता.क. : पाकीट बंद करण्यापूर्वी हा अर्ज गवंडींना वाचून दाखवला. ते रस्त्याकडे पाठ करूनच ऐकत होते. वाचून झाल्यावर तोंड फिरवून त्यांनी वाऱ्याचा अंदाज घेतला. मग म्हणाले, "सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? वारा कोरडा आहे. शनिवारीच उतरू." सबब वर रविवार लिहिले आहे तेथे शुक्रवार असे वाचावे.