वासाच्या दारापाशी

प्रिय चिमे,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी आता सगळे ठीक आहेत. फोन केला असता, पण फोनवर मी हवापाण्याच्या पुढे जात नाही हे तुलाही माहीत आहे.

तुझ्या भाचीला शाळेतून टॅबलेटवरचा एक खेळ मिळालाय. मेंदूचा भूलभुलैया. आपण म्हणजे एक इवलासा निरोप. डोळ्यातून निघायचं आणि हातापर्यंत पोचायचं. वळणावळणावर दार, दारावर प्रश्न, उत्तर चुकलं की गल्ली बंद. तिला मदत करायला म्हणून बसले आणि मीच अडकले. चष्म्याचं दुकान दोनदा उशिरा उघडलं, बोल. आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बसवल्या, आणि बघण्याचं काम डोक्याच्या पार मागच्या बाजूला चालतं हे मला नऊ वर्षांच्या पोरीने शिकवलं. आठवणी पक्क्या करणारा भाग म्हणे समुद्रघोड्यासारखा दिसतो. मी वहीत आकृत्या काढते, ती तपासते आणि नाक मुरडते.

मागच्या महिन्यात कानाच्या आतल्या बाजूच्या एका गल्लीत दार आलं. प्रश्न होता, नसलेला वास कधी येतो? मी ‘सर्दी झाल्यावर’ दाबलं. गल्ली बंद, आणि खाली माहिती उमटली. इथल्या पेशींमध्ये विजेचा छोटा गोंधळ उडाला तर माणसाला जळका वास येऊ शकतो. मग तो मिनिटभर टक लावून बघत राहतो, काही चघळल्यासारखे ओठ हलतात, हाक ऐकू जात नाही, नंतर काही आठवत नाही. हा आजार आहे, त्यावर औषध आहे.

मी चष्मा पुसून परत वाचलं. शेजारी बसलेली तुझी भाची म्हणाली, “आई, मलापण येतो तो वास. मी सांगितलं होतं. तू म्हणालीस, काही जळत नाहीये.”

दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डोक्याला तारा लावून आलेख काढला. तोच आजार निघाला. गोळ्या सुरू झाल्यात, तीन आठवडे झाले, एकदाही तसं झालेलं नाही. बाईसाहेब तर डॉक्टरीणबाईंनाच विचारत होत्या, गोंधळ नक्की कुठल्या गल्लीत उडतो म्हणून. त्यांनी मला विचारलं, घरात आणखी कुणाला असं व्हायचं का? मी म्हणाले, माझ्या धाकट्या बहिणीला. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. बाबांच्या दुकानात तुझ्या हातून भिंगांचा ट्रे पडला तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस. बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, खरंच भान गेलं होतं का तिचं? मी समोरच उभी होते, चिमे. तुझे डोळे उघडे होते, ओठ हलत होते, मी दोनदा हाक मारली आणि तुला ती ऐकू गेली नाही हे मी पाहिलं. तरी मी म्हणाले, “नाटक करते ती.” तुझा हात माझ्यापेक्षा सफाईदार होता आणि बाबा ते चारचौघांत बोलून दाखवायचे, एवढंच कारण. त्यानंतर तुला कामाच्या टेबलापाशी कुणी उभं केलं नाही. तू गाव सोडलंस, दुकान माझ्याकडे आलं. आजाराचं नाव मला ठाऊक नव्हतं, पण तू खोटं बोलत नव्हतीस हे पक्कं ठाऊक होतं. लगेच माफ कर असं म्हणायला मला तोंड नाही. तो वास अजून येतो का, हे मी तुला कधी विचारलंच नाही. येत असेल तर वेळ न काढता डॉक्टरांना दाखव, आणि तोवर रस्ता एकटीने ओलांडू नकोस. काल बाबांनाही सगळं सांगितलं. मग चष्मा लावून त्यांनी माझ्याकडून तुझा पत्ता लिहून घेतला.

तुझीच, उशिरा शहाणी झालेली
ताई