साहेबाच्या थडग्यावरची सिगारेट

रविवार, संध्याकाळ

आज माझ्या मैत्रिणीशी, सुनंदाशी, पुन्हा भांडलो. उद्या वनरक्षक भरतीत तिला धावायचं आहे, म्हणून ती लाकूड डेपोमागच्या इंग्रजांच्या काळातल्या गोऱ्या साहेबाच्या थडग्यावर अगरबत्ती आणि सिगारेट ठेवायला गेली. गावात सगळेच ठेवतात. माझं डोकंच फिरलं.

"ज्यानं आपलं जंगल सरकारजमा केलं, त्यालेच हात जोडून राह्यली?"

"माही आजी म्हणते, गोरा होता, नवसाले पावते."

गोरा होता! सागवान तोडता तोडता तापानं मेली ती आमची माणसं. त्यांचा कुठे साधा दगड नाही, शाळेच्या इतिहासात ओळ नाही. याला मात्र संगमरवर, वर सिगारेट. मी ती पायानं उडवली.

ती ओरडली नाही. म्हणाली, "जंगलखातं बी त्याचंच, वर्दी बी त्याचीच. मले नोकरी पायजे. तू याच रागात कॉलेज सोडलं, आता मी हे सोडू काय?"

मी तसाच घरी निघून आलो.  चुकलो का? साहेबाबद्दल नाही. तिच्याबद्दल...

सकाळी गाडीवर मीच तिला गडचिरोलीला नेणार होतो. आता मेसेज आला: "मी बसनं जाते. येऊ नको."

तरी जाईन. साहेबाचं नाव काढणार नाही. ती धावेल तोवर बॅग सांभाळीन, दिली तर.