तीन मुलींचे तीन मुलगे

अप्पा,

१९५६ची खंडेनवमी, दुपारचे चार. पिंपरीच्या कारखान्यात यंत्रांची पूजा उरकली होती, दसऱ्याच्या नाटकाची रंगीत तालीम नुकतीच संपली होती, आणि तुम्ही, फोरमन, नाट्यमंडळाचे प्रमुख आणि माझे वडील, धाकट्या मुलीची माझी भूमिका काढून माझ्या भावाला दिलीत.

नाटक माझंच होतं. कॉन्व्हेंटात शिकलेली जुनी इंग्रजी शोकांतिका मी मावळात आणली होती. राजाचा पाटील केला, राज्याची नदीकाठची जमीन केली; मुली मात्र मुलीच ठेवल्या. थोरल्या दोघी गोड बोलून जमीन घेतात, धाकटी खरं बोलते आणि रिकाम्या हातांनी जाते. सिस्टरनी वाचून दाखवलं तेव्हा आमचा वर्ग हुंदके देत होता. तालमीला बसलेले कामगार, सगळे आसपासच्या गावांतले, पोट धरधरून हसताहेत.

"पाटलाला पोरगा न्हाई व्हय? मग दत्तक घे की, येड्या!"

"पोरीस्नी जमीन? जावयांचा दसरा हाय, राव!"

तुम्ही मला हार घातलेल्या लेथ यंत्रामागे नेता. "तिन्ही पोरं करायची. हितं पोरीला जमीन कुनी देत न्हाई. लोकांना पटंना, त्ये कसलं नाटक?"

"कायदा झालाय, अप्पा. मुलींनाही वाटा आहे."

"कायदा दिल्लीत झाला. नाटक हितं हाय."

पुढे तुमच्या माघारी, इथल्या बहिणी करतात तशी मीही जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही केली. भावाने साडी दिली. पहिल्याच धुण्यात रंग गेला.

पण मला विचारायचंय ते वेगळं. लोक हसले म्हणून तुम्ही मुली काढल्यात, की बापाने मुलीला जमीन द्यावी हे तुम्हालाही हसण्यासारखंच वाटत होतं? भावकीने नावं ठेवली तरी मला कॉन्व्हेंटात घालणारे तुम्हीच होतात, म्हणून विचारते.

एक कबूल करते. दसऱ्याला विंगेत उभी राहून भावाच्या तोंडून माझी वाक्यं ऐकताना मीही रडले. समोर तेच कामगार उपरण्याने डोळे पुसत होते. मुलग्यांचं नाटक चाललं, अप्पा. राग जात नाही तो त्यामुळेच.

संक्रांतीच्या आत लेखी उत्तर हवं. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मला ठाऊक आहे, आणि हे पत्र मी टपालात टाकणार नाही हेही. मुदत वाढवून मिळणार नाही.