बिरड्याचा दोष नव्हता

शहापूर, मंगळवार

सौ. गिरजास,

परवा पोटात कळ आली तेव्हा मी तुझ्या वालाच्या बिरड्याला नावं ठेवली आणि तू रागाने सापगावला बहिणीकडे गेलीस. बिरडं निर्दोष आहे. डॉक्टर म्हणाले, झटका हृदयाला आलाय, त्याच्या खालच्या भागाला. तो भाग पोटाच्या अगदी वर, म्हणून दुखणं पोटाचं वाटतं. मी आपला ओवा चघळत बसलो. आता त्यांच्याच मोटारीतून मुंबईच्या इस्पितळात निघालोय.

आपल्या गड्याला, देवजीला, म्हटलं, "वहिनी आल्या की सांग, काळजी करू नका."

तो म्हणाला, "नाय दादा, खोटं मी नाय सांगायचो. तुमीच लिवा."

म्हणून लिहितोय. काळजी कर, गिरजे, आणि देवजीबरोबर पहिल्या गाडीने ये.